आकड्याला कळत नाही

६ जानेवारी १९६४. बाभुळगाव
हाताच्या जागी बसवलेल्या आकड्याचे रबर पुन्हा सैल. खांदा पुढे केला की आकडा उघडतो, पण मिटताना जोर नाही. पाना दोनदा सुटला. नवे रबर पुण्याहून येईपर्यंत काय करायचे? मामांच्या सायकलच्या दुकानातच ट्यूबच्या पट्ट्या कापून बसवल्या. मामा म्हणाले, "भाचेबुवा, आता तुह्या हातालेही पंक्चर होईन." पकड मात्र पक्की. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात उजवा हात गेल्यापासून पहिल्यांदा नट आवळला.

१९ जाने.
आमची बेबी ओसरीवरून पडत होती. आकड्याने तिचे मनगट धरले. किती जोराने, ते कळले नाही. ती किंचाळली तेव्हा कळले. सोडायला खांदा पुढे करायचा, तेच सुचेना. शेवटी तिच्या आईने, शांताने, विळ्याने ट्यूब कापली. हाड मोडले नाही. मनगट काळेनिळे.


२ फेब्रु.
आकडा काढून खुंटीला लावला तरच बेबी जवळ येते. आधी खुंटीकडे पाहते.

११ फेब्रु. नागपूर
डॉ. म्हणतात, कोपराखालची दोन हाडे मधून सुटी करून त्यांचा चिमटा करता येतो. पट्टा नको, रबर नको. आपलीच कातडी, म्हणून धरलेले कळते. दिसायला वाईट. एकदा केले की पूर्ववत होत नाही.
विचारले, "विजेवर चालणारे हात निघणार म्हणतात?"
"निघतील. तुझ्यापर्यंत कधी येतील, ते मला विचारू नकोस."

१४ फेब्रु.
घरी सांगितले. माय म्हणाली, "खेकड्यावानी हात घेऊन चारचौघांत बसशीन?"
शांता म्हणाली, "पोरीले धरता येईन ना? मंग लोक गेले चुलीत."
"तुले त्या हाताजवळ झोपा लागन, तवा समजन," माय तिला म्हणाली.
शांता उठून आत गेली. मी जेवलो नाही. झोपताना तिने विचारले, दुखेल का.

३ मार्च. नागपूर
असे ऑपरेशन झालेला माणूस डॉ.नी दाखवला. चांद्याकडचा, लाकूडकटाईवरचा. आवारात बसून त्याने सदऱ्याची गुंडी लावली, काडी ओढली, विडी पेटवली. मी बघत राहिलो. बघू नये असेही वाटत होते.
"भिऊ नोको, भाऊ. धरून पाह्य."
त्याने चिमट्यात माझी बोटे धरली. गरम होता. हळू दाबत होता, माणूस दाबतो तसा.
मीच हात काढून घेतला.
तो नुसता हसला. सवय असावी.
उद्या सकाळी डॉ.ना उत्तर द्यायचे आहे. शांता बरोबर यायला हवी होती. नाही आली ते बरे झाले.