कोपऱ्यातली एकेरी गाठ

पनवेल, २२ फेब्रुवारी, रविवार

मामा,

फार दिवस लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेलात त्या वर्षी दोनदा लिहायला बसलो होतो. दोन्ही वेळा मॅचचा निकाल आणि कोण कुठे खेळलं एवढं लिहून थांबलो. त्यानंतर अकरा वर्षं काहीच नाही. रोजनिशी मात्र रोज लिहितो. तुम्हाला तिचं हसू यायचं. "दिसभर जे झालं तेच सांजला परत लिवाचं, म्हंजे एकच मासा दोनदा पकडाचा," असं म्हणायचात, आणि मग हळूच विचारायचात, "रविवारचा गोल लिवला ना पर?"

आज लिहायचं कारण असं, की मंगळवारी कामावरून परत येताना पळस्पे फाट्याच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक बसलं. तिथे एक टायरचं दुकान आहे. दुकानदार चाळिशीला आलेला, थोडा सुटलेला, उजव्या भुवईवर जुना व्रण. चाक काढता काढता तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही ते करंज्याच्या क्लबचे जाळीवाले ना? तेव्हा गोलमागे खुर्ची टाकून बसायचे ते?" मी हो म्हणालो. तेव्हा कुठे मला तो व्रण ओळखू आला. "फायनलला मारला तो मीच," तो म्हणाला. राग नव्हता, उलट जुनं माणूस भेटल्यासारखा हसत होता. "आता सांगा ना साहेब, किती वर्षं झाली. गोल होता ना तो?"

मामा, मी म्हणालो, "इतकं जुनं आता नीट आठवत नाही."

"अच्छा," तो म्हणाला. "मला तर रोज आठवतो." मग खाली वाकून त्याने चाकाचे नट एकेक करून आवळले. त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: चाक पंक्चर, पळस्प्याला काढून घेतलं. बाकी काही नाही. पाच दिवस ती ओळ मला खुपते आहे.

तुम्हाला माझं काम ठाऊक होतं. द्रोणागिरीच्या गोदामात आलेल्या कंटेनरचं सील शाबूत आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि सही करायची. न पाहता मी एकही सही केलेली नाही. त्यापायी दोनदा बढती लांबली, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. तुम्ही गावात सगळ्यांना सांगायचात, "आमचा जावय बगितल्याबिगर बोलत नाय." हे तुम्ही इतक्या जणांना सांगितलं होतंत, म्हणूनच पुढे जे घडलं ते घडू शकलं.

पण आधी तो पहिला दिवस. मी तुमच्या मुलीला बघायला करंज्याला आलो होतो. माझे वडील पगार, नोकरी, पनवेलचं घर असं सगळं सांगत होते आणि तुम्ही ओट्यावर मांडी घालून कसलंतरी पांढरं जाळं विणत होतात. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "रविवारी काय करता?" मी म्हणालो, काही नाही. "मग या," तुम्ही म्हणालात. मला वाटलं जेवायला बोलावताय. आलो, तर तुम्ही मला बंदराच्या मागच्या मैदानावर नेऊन गोलच्या मागे एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलंत. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या आळीत सगळे क्रिकेटवाले. मध्यंतराला मी सभ्यपणे म्हणालो, "तुमचा क्लब चांगला खेळतो." तुम्ही माझ्या हातात काळ्या चहाचा कप दिलात आणि म्हणालात, "तुमचा न्हवं, आपला. बसंल तोंडात हळूहळू."

तोंडात काही ते बसलं नाही. चार वर्षं मी दर रविवारी पनवेलहून येत होतो, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण बोटीवर गेलाय म्हणून खेळणार नाही, हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी 'तुमचा क्लब'च म्हणत होतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी तुमच्यासाठी यायचो. गोलची जाळी तुम्ही मासेमारीच्या जाळ्यासारखी हातानेच विणायचात. विकतची जाळी चालायची नाही. मापाला बांबूची पट्टी, विणायला तुम्हीच तासलेली बांबूची सुई. जाळं पूर्ण झालं की मैदानावर न्यायच्या आधी ते खाडीत बुडवून आणायचं. "खारं पानी दावल्याबिगर जाळं जागं होत नाय." मी एकदा विचारलं, हे श्रद्धेनं का? तुम्ही हसलात. "शरदा पन हाय नि गाठ पन बसते. वली झाली का गाठ आवळते." आणि मग मला शेजारी बसवून दाखवलंत: सुताच्या जाळ्याला एकेरी गाठ पुरायची, सूत सुताला धरून ठेवतं. नायलॉन निसरडं, त्याला दुहेरीच लागते. तुमच्या लहानपणी तुमच्या आईनं शिकवलेली ती एकेरी. दुहेरी तुम्ही मोठेपणी शिकलात. तुमच्या बोटांना दोन्ही येत होत्या, आणि माझ्या मेलेल्या हातांना एकही, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात.

फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुम्ही गोलच्या डाव्या बाजूचा खालचा कोपरा सांधत होतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोनदा पुढे ढकललं होतं. हाताशी मी बसलो होतो, दोरा धरून. आणि मी पाहिलं, मामा. पाच-सहा गाठी एकेरी होत्या. नायलॉनला एकेरी. तुमची बोटं कधी आईच्या गाठीवर जाऊन पोचली ते तुम्हाला कळलं नव्हतं. मी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मनात म्हटलं, चाळीस वर्षं विणणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. नुसतं सांधकाम, म्हणून त्या दिवशी जाळं खाडीतही बुडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं ऊन मला अजून दिसतं. आपण एक-शून्य पुढे आहोत, संपायला तीनेक मिनिटं. सूर्य खाडीवर उतरलेला आणि रेफ्रीच्या थेट डोळ्यात. मी माझ्या जागेवर, आपल्या गोलच्या मागे. तुम्ही नेहमीप्रमाणे समोरच्या टोकाला, कारण आपला गोल होताना तुम्हाला जवळून बघायचं असतं. तो व्रणवाला डावीकडून येतो. आपला गोलकीपर पुढे सरकतो. तो जमिनीलगत मारतो, आणि चेंडू खांबाच्या आतून, अगदी स्वच्छ, त्या कोपऱ्यात शिरतो. जाळं फुगतं, आणि मग उघडतं. माझ्या पायाशेजारून चेंडू मिठागराच्या बांधाकडे निघून जातो.

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात दोन्हीकडची माणसं गोलमध्ये घुसली, कुणी जाळं ओढलं, खुंट्या उपटल्या, आणि कोपरा आधी सुटला की ओढाओढीत फाटला हे सांगायला काही उरलं नाही. ते ओरडत होते, "गोल हाय, जाळीतून गेला!" आपले ओरडत होते, "बाहेरून गेला!" तुम्ही धापा टाकत अख्खं मैदान ओलांडून आलात आणि म्हणालात, "माज्या जाळ्यातनं बॉल जात नाय. माजी गाठ सुटत नाय." कुणीतरी टोमणा मारला, "काका, तुमच्या जाळ्यातून व्हेल जाईल आता." हशा झाला. तुम्ही हसला नाहीत. तेव्हा त्यांचाच कॅप्टन म्हणाला, "त्या जावयांना विचारा. ते खोटं नाही बोलणार." रेफ्री माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "तुम्ही इथेच बसलेले. सांगाल ते धरतो."

मी म्हणालो, "पोस्टच्या बाहेरून गेला."

कप आपल्याला मिळाला. ढोल वाजले. तुम्ही मिरवणुकीत गेला नाहीत, जाळं खांद्यावर टाकून घरी निघालात. दिवेलागणीला मी आलो तर ते ओट्यावर पसरलेलं, आणि तुम्ही डोळे मिटून एकेक फास बोटांनी चाचपत होतात. तुमची मुलगी चहा घेऊन आली, म्हणाली, "बाबा, काय शोधताय?" "काय नाय," तुम्ही म्हणालात, आणि ती आत जाईपर्यंत थांबलात. मग माझं बोट धरून तुम्ही त्या कोपऱ्यातल्या मोकळ्या दोऱ्यावर ठेवलंत. तो फाटलेला नव्हता. सरकलेला होता, टोकं शाबूत होती.

"ही गाठ कनाची?"

"तुमची."

"एकेरी हाय."

"हो."

"तुमी बगितली व्हती?"

"शनिवारीच."

तुम्ही माझं बोट सोडलंत. मग म्हणालात, "जावयबापू, मी म्हातारा झालो हे मना अख्ख्या गावानं तोंडावर सांगितलं आसतं तरी चाललं आसतं. तुमी झाकाया गेलात. मेल्या मानसावर चादर टाकतात तशी." तुम्ही ती बांबूची सुई उचलून माझ्या मांडीवर ठेवलीत. "हितून पुढं तुमी विना. दुहेरी घाला."

परत पनवेलला येताना गाडीत तुमची मुलगी म्हणाली, "तू बाबांसाठी खोटं बोललास. मला कळलं. गावासमोर त्यांची लाज राखलीस." गिअरवरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला. मी तो तसाच राहू दिला. त्या एका गोष्टीवर आमच्या संसारातली किती भांडणं मिटली, सांगता येणार नाही. अजूनही ती कुणाला माझ्याबद्दल चांगलं सांगायला लागली की तिथून सुरुवात करते.

तुम्ही पुन्हा मैदानावर आला नाहीत. आम्ही दोघं न्यायला यायचो, तर तुमचे पाय दुखत असायचे, कधी ऊन असायचं. मॅचनंतर मी फोन करायचो तेव्हा तुम्ही स्कोअर विचारायचा नाहीत. एवढंच विचारायचात, "जाळं कसं हाय?" मी म्हणायचो, टिकलं. "बरं," म्हणून फोन ठेवायचात. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी आठ दिवस तुम्ही गेलात. तुमच्या अंगावर क्लबची निळी जर्सी घालायची की नाही यावर घरात बोलणं झालं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाला म्हणालो. मला तो अधिकार होता का, हे मी तेव्हाही वहीत लिहिलं होतं आणि उत्तर लिहिलं नव्हतं.

जाळी अजून मीच विणतो. दुहेरी घालतो, खाडीत बुडवून आणतो. मैदान अर्धंच उरलंय, शेजारून कंटेनर जातात, पण रविवारी माणसं जमतात आणि माझी खुर्ची गोलमागे असते. हरलो की सोमवारी मला जेवण जात नाही. हे तुमच्यामुळे. पण त्यातलं एक तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे तुम्ही शेवटचं वर्ष घरात बसून काढलंत.

मंगळवारपासून मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतोय, रेफ्री समोर उभा होता त्या क्षणी माझ्या मनात नक्की काय होतं. तुमची मुलगी म्हणते तसं असेल, असं मी इतकी वर्षं मानत आलो, कारण ते मानायला बरं होतं. पण सही करताना लावतो ती कसोटी इथे लावली, तर मी ते पाहिलेलं नाही. मनात तुम्ही नव्हता, मामा. तुमची गाठ नव्हती, तुमचे डोळे नव्हते, तुमची लाज नव्हती. चेंडू आत जाताना माझ्या तोंडून निघालं होतं, "आपला कप गेला." आपला. तोवर एकदाही न आलेला शब्द. मी खोटं बोललो कारण मला जिंकायचं होतं. त्या मैदानावरच्या कुठल्याही माणसाइतकंच, निर्लज्जपणे.

हे मी त्या संध्याकाळी ओट्यावर सांगितलं असतं तर तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या. कदाचित जाळंच अंगावर फेकलं असतं. पण मी तुमची कीव केली असं तुम्हाला वाटलं नसतं, आणि पुढच्या रविवारी तुम्ही आला असतात. मी गप्प बसलो, कारण त्या घरात सगळे मला चांगला समजत होते आणि मला ते आवडत होतं.

आता खरं सांगायचं तर तुमची गाठ सुटली हेही सांगावं लागेल. कप परत जाणार नाही, पण तुमच्या नावामागे 'त्यांची गाठ कधी सुटली नाही' असं गावात अजून म्हणतात, ते माझ्या तोंडाने जाईल. पाच दिवस मी त्यापाशीच अडलोय. तुम्हाला विचारता आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, कारण ते तुम्ही आधीच म्हणून ठेवलंय: झाकू नका.

ही पानं वहीतच राहतील. तुमच्या मुलीला सांगायचं आहे, त्याचं धैर्य आज तरी माझ्यात नाही, हेही लिहून ठेवतो.

उद्या: कामावरून येताना पळस्प्याला थांबायचं, आणि गोल होता म्हणून सांगायचं.