सोसायटीच्या विहिरीतले शंख

पाटोदा, ४ फेब्रुवारी १९७३

चि. मनकर्णा हिस आबांचे आशीर्वाद व येशूच्या नावे सलाम. वि. वि.

दुष्काळानं बाजार ओस पडलाय, पण आम्ही बरे आहोत. तुझी आई दुष्काळी कामावर मिळणारी सुकडीसुद्धा गोड मानून खाते. शेतकरी सोसायटीच्या विहिरीत खडक फोडताना पांढरा थर लागला, त्यात दगडाचे शंख! भूगर्भशास्त्राच्या बाईसाहेब, आता बोला! चर्चमध्ये मी उपदेशात सांगितलं, ही नोहाच्या जलप्रलयाची साक्ष. ज्या देवानं इथवर पाणी चढवलं, तो खालीही पाणी ठेवीलच. पाणी लागेना म्हणून काम सोडून चाललेली माणसं पुन्हा विहिरीत उतरली. चेअरमन आप्पारावांनी तर शंख कपाळाला लावला. दोन सोबत पाठवतो, सरांना दाखव. पत्र लिहीत राहा.

तुझे आबा
धोंडीराम उपदेशक

औरंगाबाद, १२ फेब्रुवारी १९७३

ती. आबांस सा. सलाम. वि. वि.

शंख पाहून सर खूश झाले. मला मात्र हे लिहिणं जड जातंय. आबा, या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आहेत. लाव्हारसाचा एक थर निवला, त्यावर तळं साचलं, पुढच्या थरानं ते पुरलं. तेव्हा माणूसच नव्हता, मग नोहा कुठला? साऱ्या पृथ्वीवर एकदम पूर आल्याची खूण खडकांत नाही. नदीकाठच्या मोठ्या पुरांच्या आठवणी कथेत उतरल्या असाव्यात, असं इतिहासवाले म्हणतात. विहिरीला पाणी लागेलही, नाहीही. शंख हमी देत नाहीत. सुरुंगाच्या कामावर माणसं तुमच्या शब्दाखातर उतरतात, म्हणून लिहिलं. रागावा, पण अबोला धरू नका.

तुमची मना

पाटोदा, २६ फेब्रुवारी १९७३

चि. मना हिस अ. आ.

रागावलो होतोच. तुझी आई म्हणाली, पोरीला शिकायला धाडलं ते आपल्याच मनातलं ऐकायला का? मग रविवारी सगळं सांगून टाकलं आणि पाण्याचा शब्द मागे घेतला. आश्रुबा मंडळीतून उठला नि म्हणाला, मंग नोहाची गोष्ट खोटी हाय का? मी म्हणालो, पाणी कुठवर चढलं ते खडकाला विचारा. संकटात कुणाकुणाला तारवात, आपल्या नावेत घ्यायचं, ते ही गोष्ट सांगते. त्यावर आश्रुबाच म्हणाला, आन् आपन तर आडाला कुलूप लावलंय!

खरंच होतं. चर्चच्या आवारातल्या आडाला थोडं पाणी आहे. ते आपल्याच घरांना पुरावं म्हणून पंचांनी कुलूप घातलं होतं. पंचांतल्या सत्यभामाबाई कुरकुरल्या, आपल्या लेकरांनी काय प्यावं? त्यांचंही चुकत नव्हतं. पण किल्ली त्यांच्याकडेच होती, आणि कुलूप त्यांनीच काढलं.

आता सगळ्या गावाच्या घागरी आडावर येतात. सोसायटीची विहीर अजून कोरडी आहे, तरी माणसं रोज उतरतात, हमीवाचून. आडाचाही तळ दिसू लागलाय. सुट्टीत आलीस तर अर्ध्या घागरीतच अंघोळ उरकावी लागेल. ये.

तुझे आबा