प्लॅनशिवाय प्राग

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
संध्याकाळी पियूषकडे, शहराच्या अल नस्र भागात. निमित्त, त्यांची प्रागची सहल. टीव्हीवर २१४ फोटो, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ. हा आमच्या ऑफिसात प्लॅनिंग इंजिनिअर, म्हणून घरातही बार चार्ट. सहलीची एक्सेल शीट दाखवली. त्यात 'पुलावर रेंगाळणे, २० मिनिटे' अशी एक ओळ होती! मी म्हटलं, इतकं जुनं, सुंदर शहर, तिथं वाट फुटेल तिकडं जायचं असतं. त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला की जालिंदर, तू आधी मॉलच्या पार्किंगमधून प्लॅनशिवाय बाहेर पडून दाखव. पंधरा माणसं हसली. सगळ्यांत आधी अनुजा हसली. माझीच बायको.
सूड घेणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ६
ठरलं. इथं आखातात ईदला मोठी सुट्टी असते, त्यात प्राग. तेच शहर, पण बिनप्लॅनचं. नकाशा नाही, शीट नाही. पियूषच्या बापाला दिसलं नसेल असं काहीतरी शोधून आणायचं. मग त्याच मंडळींना घरी बोलावून ३०० फोटो. पियूषला पुढच्या खुर्चीत बसवायचं, म्हणजे उठता येणार नाही. चहा शेवटी द्यायचा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
व्हिसा सेंटर. काउंटरवरच्या मुलीनं दिवसवार कार्यक्रम मागितला. मी जोडलेल्या कागदावर एकच शब्द होता, 'वाँडरिंग'. ती म्हणाली, सर, एव्हरी डे, मॉर्निंग-इव्हिनिंग. मी तिला भटकंतीमागचं तत्त्व समजावलं. तिनं रांगेतल्या मागच्या माणसाला बोलावलं. खलास. आता पुढच्या आठवड्यात परत.

बुधवार, १९ फेब्रुवारी
अनुजानं पियूषची शीट मागवून घेतली. मला न विचारता. आधी भडकलो. मग लक्षात आलं, शत्रूचंच शस्त्र हाती आलंय! वरचं नाव बदललं, तारखा बदलल्या, प्रिंट मारली. व्हिसा मिळाला की फाडून टाकायची.

मंगळवार, १८ मार्च
व्हिसा आला. शीटचे अनुजासमोर चार तुकडे केले. ती मोबाईल चार्जिंगला लावत होती.

रविवार, ३० मार्च, प्राग
स्वातंत्र्य! हॉटेलातून निघालो ते मन मानेल तसा चालत सुटलो. अनुजा दोन पावलं मागे, मोबाईलमध्ये डोकं खुपसून. बहुधा बहिणीशी चॅट. मधूनच, डावीकडे जाऊया का, म्हणते. बिचारीचा मान ठेवतो. योगायोग असा की दर वळणावर काहीतरी सापडतंच. पूल, घड्याळ, किल्ला. पुलावर मनसोक्त रेंगाळणार होतो, पण वीस मिनिटांनी तिला थंडी वाजायला लागली.

सोमवार, ३१ मार्च
शोध लागला! एका बोळाच्या टोकाला निळं दार, दारावर पितळी बेडूक. एकही पर्यटक नाही. फोटो तडक मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे कुठल्याच शीटमध्ये नसतं.' चार मिनिटांत पियूषचं उत्तर. ओळ ३१. बेडकाच्या डाव्या बाजूनं काढ, ऊन छान येतं. डाव्या बाजूनं काढला. छान आला. त्याचा राग वेगळा.
संशय आला म्हणून अनुजाचा मोबाईल बघितला. शीट. प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण. फार वाईट वाटलं. दोन दिवस मला वाटत होतं, ती माझ्यामागून येतेय. ती मला हाकत होती.

मंगळवार, १ एप्रिल, सकाळी ८
आज एकटा. मोबाईल हॉटेलात. आता खरी भटकंती.

संध्याकाळी ७
पहिला तास झकास. मग एकच चपलांचं दुकान पाच वेळा लागलं, दर वेळी नव्या रस्त्यानं. आतला माणूस शेवटी मला हात करायला लागला. पाऊस सुरू झाला. हॉटेलचं नाव आठवेना. दुकानासमोरच्या बाकावर बसून राहिलो आणि अनुजाची फार आठवण आली.
साडेचारला ती आलीच. कसं शोधलंस, विचारलं. पियूषला फोन केला म्हणाली. तो म्हणाला की हा साइटवरही चुकला की उजवीकडेच वळत राहतो, म्हणजे लांब गेला नसणार. हॉटेल दुकानाच्या मागच्याच गल्लीत होतं.

शुक्रवार, ११ एप्रिल
सुडाचा दिवस. मंडळी आमच्याकडे, अल मन्सूराला. पियूष पुढच्या खुर्चीत. फोटो सुरू केले. दहाव्यापासून तो पुढचा फोटो कशाचा ते आधीच सांगायला लागला. एकदाही चुकला नाही.
शेवटी उठला. डोळ्यांत पाणी. म्हणाला की ऑफिसात माझे प्लॅन कुणीच पाळत नाही, सगळे आपल्या मनाचं करतात. आज पहिल्यांदा कुणीतरी ओळ न् ओळ पाळली. मला घट्ट मिठी मारली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मिठीतल्या माणसावर सूड कसा उगवायचा, सुचेना. पाठीवर थोपटलं.
सात कुटुंबांनी तिथल्या तिथं शीट मागितली. त्यानं ग्रुपवर टाकली. फाइलला नवं नाव दिलं होतं, 'प्राग, जालिंदरलाही जमलं'. मी म्हटलं, नाव वापरायच्या आधी विचारायचं तरी.
विचारलं होतं, म्हणाला. अनुजाला. नाव तिनंच सुचवलं.