गाव न विचारणारी माणसं

मुंबई, जून १९५९

प्रिय कार्मेलिना,

तुला नि आईला देव बरं ठेवो. मी ठीक आहे.

दारू सोडणाऱ्यांची ती बैठक सापडली. चर्चमागच्या खोलीत भरते. पण तिथं कुणी आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही. एकजण बोलण्यावरून आपला मालवणी, तोही “खंयचो रे?” म्हणाला नाही. मला वाटलं, दारूबंदीचा पोलीसच असणार. मी दारातच उभा राहिलो.

मग त्यानं चहा आणून दिला. निम्मा बशीत सांडलेला. त्याचा हात माझ्यासारखाच कापत होता. तेव्हा बसलो.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं वाचून दाखवू नकोस.

पत्र उघडल्यावर तू आधी कागदाचा वास घेशील, ठाऊक आहे. घे.

तुझा,
जासिंत