पाऊण फेरा आणि थोरल्याची ताकद

मी, खाली सही करणारा, धंद्याने मोटार मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. माझ्यावर दबाव आणण्याइतकी धमक घरात कोणात नाही, हेही नोंदवावे.

१. राहते घर थोरल्या मुलास. मात्र नळ गळल्यास त्याने स्वतः हात न लावता प्लंबर बोलवावा.

२. गॅरेज आणि सर्व हत्यारे धाकट्या मुलीस. थोरला म्हणेल, बापाचा धंदा मुलाचाच. म्हणून कारण देतो.

शाळेच्या बसचा ऑइल फिल्टर त्याने बदलला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. याने तिच्यावरच नवा चढवला, आट्यांना नळाची पांढरी टेप गुंडाळली आणि पान्याला पाइप लावून लोंबकळला. मागच्या खोलीत खाटेवरून मी ऐकत होतो.

“दादा, जुनी रिंग काढ आधी. रिंगेवर रिंग बसत नाही.”

“तू गप गं! असा आवळलाय, बापजन्मात सुटणार नाही.”

काठी शोधून मी बाहेर येईपर्यंत बस गेली होती. चढावर सगळे तेल रस्त्यावर आले, इंजिन जाम झाले, मुले दप्तरे घेऊन चालत गेली. थोरल्याचे निदान : “फिल्टरच खराब होता.” नाचता येईना, अंगण वाकडे.

धाकटी जागा पुसते, जुनी रिंग निघाली का ते चाचपते, नव्या रिंगेला बोटभर तेल लावते. हाताने फिरवून रिंग टेकली, की आणखी पाऊण फेरा. बस्स. मग इंजिन चालू करून खाली वाकून बघते. वाकणे थोरल्याला कमीपणाचे वाटते. मला या मुलीचा अभिमान आहे. हे कलमात बसत नाही असे वकील म्हणतो. तरी राहू द्यावे.

३. टेपची अक्कल शिकवणाऱ्या समोरच्या स्पेअरपार्टवाल्यास, आटे गेलेल्या बोल्टांचा डबा. गुरू-शिष्यांनी मिळून आवळत बसावे.

४. धाकटीने कामावर ठेवून घेतल्यास थोरल्याने टायरमध्ये हवा भरावी. तीही तिला विचारून.

५. थोरल्यास हे मान्य नसेल तर त्याने खुशाल कोर्टात जावे. फक्त जाताना गाडी धाकटीकडून तपासून घ्यावी, म्हणजे निदान कोर्टापर्यंत पोचेल.

सही : गॅरेजचा मालक, अजून तरी
साक्षीदार : शेजारचा वेल्डर, घरचे डॉक्टर
ठिकाण : गॅरेजमागची खोली
दिनांक : वकिलाच्या शिक्क्याखाली आहे तो