आहेराचे पाच तारे

३ नोव्हेंबर, सोमवार

तुळशीचं लग्न झालं. गावात हळदीचे मांडव पडायला लागले. म्हणजे आता मार्गशीर्षापर्यंत डीजे आणि माझं डोकं.

ऑफिसात मात्र वेगळीच वाजंत्री. आमचं काम म्हणजे लोक सिनेमांवर, मालिकांवर जे काही लिहितात ते वाचायचं. शिव्या काढायच्या, शेवट फोडणाऱ्यांना अडवायचं, आणि भाड्याने केलेलं कौतुक शोधून उडवायचं. आज माझ्याबरोबर काम करणाऱ्या रिद्धीच्या तपासायच्या रांगेत एका छोट्या फिल्मवर पाच तार्‍यांचा ढीग आला. सगळे एकाच भागातले, सगळ्यांचं वाक्य एकच. 'फिल्म एक नंबर. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली 'श्री. व सौ.', 'समस्त परिवार, सानपाडा गाव'. रिद्धी हसून हसून लोळायची बाकी. "ताई, हे बघ ना, लग्नपत्रिका आहे की रिव्ह्यू?"

मीही हसले. मग नावं वाचली. दशरथकाका. बेबीआत्या. सुनंदाकाकी आणि तिच्या दोन्ही सुना. माझ्या सासरची अख्खी भावकी. फिल्म माझ्या धाकट्या दिराची, नितेशची. पहिलीच.

ढिगाच्या तळाशी आई. माझी सासू. पाच तारे. गणपतीपासून नितेशशी एक शब्द न बोललेली आई.

डोकं दुखतंय सांगून उठले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आई सुके बोंबील साफ करत होत्या तेव्हा विषय काढला.

"आई, तुम्ही फिल्म बघितलीत?"

"नाय."

"मग पाच तारे कसे दिलेत?"

"आहेर हाय तो," आई म्हणाल्या. "पोराचं पयलं काम. बेबीनं ग्रुपवर टाकलं, सगल्यांनी पाच पाच द्या. दिला."

"पण न बघता?"

"लग्नात जेवन कसं झालं ते बगून आहेर देतात काय गं?"

माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथंही असं बघून कोणी देत नाही.

मग मीच जरा पुढे गेले. म्हटलं, तुम्ही तर बोलत नाही त्याच्याशी. आई मान वर न करता म्हणाल्या, "बोलनं बंद असलं तरी आहेर बंद नसतो."

भांडणाचं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे, कोणी काढत नाही. फिल्म मिठागरावरची. आमचं आगर सरकारजमा झालं त्या दिवशी आबा, म्हणजे माझे सासरे, बांधावर बसून लहान मुलासारखे रडले होते. आई तेव्हा नवी नवरी. त्यांनी हे आयुष्यात फक्त नितेशला सांगितलं, तो काविळीने पडला होता तेव्हा. आबा जाऊन दोन वर्षं झाली आणि नितेशने ते फिल्ममध्ये घातलं. आई म्हणाल्या होत्या काढ. त्याने ठेवलं. "घरातलं रडनं लोकांना दाखवतोस?" एवढंच बोलल्या. तो दुसऱ्या दिवशी बॅग भरून डोंबिवलीला मित्राच्या खोलीवर गेला. दोघंही हट्टी. माझा नवरा संदीप म्हणतो तू मध्ये पडू नकोस. हा स्वतः कधीच कशाच्या मध्ये पडत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात मॅडमना सांगून टाकलं. हे माझ्या घरचे आहेत. त्या म्हणाल्या बरं केलंस, आता या फिल्मला तू हात लावायचा नाही, रिद्धी बघेल. फिल्मवर पाटी चढली. 'रेटिंग तपासणीत'. नेहमीची रीत म्हणजे यानंतर सगळा ढीग साफ.

मी भांडले. म्हटलं, ही भाड्याची माणसं नाहीत, एक दमडीही घेतलेली नाही त्यांनी.

रिद्धी शांतपणे म्हणाली, "ताई, पैसे नाही घेतले मान्य. पण बघितलंय कुणी?"

चिडले तिच्यावर. कारण ती बरोबर होती. नंतर तिच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला, तिने प्यायला. गुणी आहे पोरगी.

संध्याकाळी मॅडमकडे परत गेले. म्हटलं, उडवू नका, परत पाठवा. एक प्रश्न जोडून. 'कुठला प्रसंग लक्षात राहिला?' उत्तर आलं तर तारे मोजायचे, नाही आलं तर ते तसेच पडून राहतील, कोणाला दिसणार नाहीत. नाहीतरी निम्मे लोक 'भारी' नाहीतर 'बकवास' एवढंच लिहितात, त्यातून वाचणाऱ्याला काय कळतं? मॅडमनी विचार केला. म्हणाल्या, करून बघू, पण सगळ्याच फिल्मना, फक्त तुझ्या दिराच्या नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नितेशचा फोन. "वहिनी, माझ्या फिल्मवर पाटी लागलीय. तुमच्याच साइटवर. कोणी केलं?"

सगळं सांगितलं. आधी खूप चिडला. गावाने वाट लावली म्हणाला, मी सांगितलं होतं का कोणाला? मग एकदम आवाज उतरला.

"आईने पण दिलेत?"

"हो."

"किती?"

"पाच."

"बघून?"

खोटं बोलता आलं असतं. दिवसभर दुसर्‍यांचं खोटं शोधते, त्यामुळे घरी ते जमत नाही. नाही म्हटलं.

"मग उडवा ते," तो म्हणाला. जरा वेळाने, "नको. राहू दे." परत जरा वेळाने, "वहिनी, आई बरी आहे ना? गुडघा?"

गुडघा बरा आहे म्हटलं. हा तिला का विचारत नाही ते मात्र विचारलं नाही. माझीही काही मर्यादा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बेबीआत्या चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, गावात तिच्याशिवाय पान हलत नाही.

"आमचा आहेर परत केलास? आजवर कोनी माजा आहेर परत नाय केला! तुज्या लग्नात दिलेला तरी ठेवून घेतलास ना?"

तिला मेसेज गेला होता, प्रश्नाचा. मी समजावलं. आत्या, परत नाही केला, फक्त विचारलंय की काय आवडलं.

"म्हंजी परीक्षा?"

"परीक्षाच समजा."

"मंग बगावा लागंल."

"तेच तर."

आत्याने कमरेवर हात ठेवून विचार केला आणि निकाल दिला. दशरथकाकाच्या नातीच्या हळदीचा मांडव घातलेलाच आहे, पडदाही आलाय, बुधवारी सगळ्यांनी तिथेच बघायची. "पोरीची हळद गुरुवारी हाय. बुधवारी मांडव नुसताच उबा."

आई चहा ओतत होत्या. आत्या म्हणाली, वैनी, तू पुढं बस. आई म्हणाल्या, "मना नाय बगायचं." आणि कपात चहा जरा जास्तच ओतला गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मांडवात अख्खं गाव. पोरं पडद्याच्या मागे जाऊन उलटी फिल्म बघत होती. कोणीतरी वेफर्स वाटले. आधी नुसता गोंधळ. "अरे ती आपल्या खाडीची बाजू!" "ती बाई कोन? मिठात काम करते आन् साडीला डाग नाय?" दशरथकाका दर पाच मिनिटांनी, "पुढं घे रे, पुढं घे."

मग तो प्रसंग आला. नट बांधावर बसतो. काही बोलत नाही. पायाखालचं मीठ मुठीत घेतो, सोडतो, परत घेतो. आणि रडतो.

मांडव गप्प. पोरंसुद्धा. बेबीआत्या माझ्या शेजारी, तिने माझा हात धरला आणि इतका आवळला की बांगडी रुतली. "माज्या दादानं सांगितलं नाय कदी," एवढंच म्हणाली. मी आबांना फक्त म्हातारे, खोकणारे, टीव्हीचा आवाज वाढवणारे असे पाहिलेले. मला त्यांची फार आठवण आली आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.

घरी आले तर आई तांदूळ निवडत बसलेल्या. निवडलेलेच परत निवडत होत्या.

"झाला काय?"

"झाला."

"लोकं हसली काय त्याला?"

मला आधी कळलंच नाही. त्याला म्हणजे आबांना. इतके दिवस त्यांना याचीच भीती होती आणि मी समजत होते की त्या रागावल्यात.

"नाही आई. कोणीच हसलं नाही."

त्या ताट घेऊन आत गेल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तरं यायला लागली. रिद्धीने पास केलेली साइटवर दिसतात, तिथेच इतरांसारखी वाचते.

दशरथकाका पाचावरून तीनवर. 'लय हळू चालते. पन आबाचा सीन बगून मी जेवलो नाय.' सुनंदाकाकी चार. एक तारा साडीसाठी कापला. तिच्या धाकट्या सुनेने पानभर लिहिलंय. ही मुलगी दोन वर्षांत माझ्याशी दोन वाक्यं बोलली नसेल, आणि लिहिते काय सुंदर! बेबीआत्याचे पाचच. 'मी आहेर कमी करत नसते. सीन मिठाचा.'

एकूण आकडा खाली आला, पाटी मात्र निघाली.

नितेशचा मेसेज, 'वहिनी, काकांचे तीन वाचून रडलो. खरे तीन आहेत.' मागून आणखी एक, 'आईचं?'

आईचे तारे तसेच पडून आहेत. उत्तर बाकी.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना आईंनी स्वतःच विचारलं. "माजे पाच कुटं गेले?"

"उत्तर दिलं नाहीत ना, म्हणून मोजले नाहीत."

"म्हंजी आहेर त्याला पोचला नाय?"

संदीपने ताटात मान घातली. मी म्हटलं, "नाही आई. अजून नाही पोचला."

त्यांचा चेहरा पडला. भर लग्नात पाकीट हरवावं तसा. मला इतकं वाईट वाटलं की मॅडमना फोन करून प्रश्न मागे घ्या म्हणावंसं वाटलं. नियम करताना डोळ्यासमोर बदमाश असतात, आणि अडकतात आपल्या घरातली माणसं.

उठताना आई म्हणाल्या, "चष्मा कुटं हाय माजा?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज लवकर सुटले. घरात शिरले तर स्वयंपाकघरातून फिल्मचा आवाज. आईंनी मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. समोर पाटावर बसलेल्या, गुडघा लांब करून. मी दारातच थांबले.

नट बांधाकडे चालत आला. बसायला वाकला. आईंनी बोट पुढे करून फिल्म थांबवली. नट तसाच, अर्धा वाकलेला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

मला पाहून म्हणाल्या, "हा त्याच्यापेक्षा उंच हाय."

पुढचं लावलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी रिद्धी माझ्या टेबलाशी उभी. "ताई, एक रिव्ह्यू आलाय. तुझ्याकडे द्यायचा नाही माहितीये. पण मला सुचतच नाहीये. मॅडमला विचारलं, ती बोलली वाचून दाखव, पण बटण मीच दाबायचं."

वाचून दाखवला. आईंनी टाइप न करता मोबाइलला तोंडी सांगून टाकलाय, मी इथं जसाच्या तसा उतरवून ठेवते.

'मी अर्दी बगितली. आबा बांधावर बसतो तितं थांबवली. फुडची मी एकटी बगनार नाय. पोरगा आल्यावर त्याच्या बाजूला बसून बगीन. तवर अडीच तारे घे. बाकीचे घरी हायत, न्यायला ये.'

रिद्धीने बोटांवर मोजलं. फिल्म पूर्ण बघितलेली नाही, नियमात बसत नाही. खाजगी निरोप आहे, तोही बसत नाही. "पण प्रश्नाचं उत्तर तर बरोबर दिलंय ना ताई? आतापर्यंतचं सगळ्यात बरोबर उत्तर." तिचे डोळे भरलेले. "ठेवू की उडवू?"

म्हटलं, मला विचारू नकोस, मी सून आहे. आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

सुटेपर्यंत तिने काही ठरवलं नव्हतं. नितेशला फोन करून सांगणं सोपं होतं. नंबर काढलाही. पण हे आईंनी त्याला लिहिलंय, सगळ्या गावासमोर. माझ्या तोंडून गेलं तर तो नुसता निरोप होईल. फोन पर्समध्ये टाकला.

घरी आले तर आई ओट्याशी. कोळणीला जिताडा सांगून ठेवलाय म्हणाल्या, रविवारसाठी, मोठा. नितेशशिवाय घरात जिताडा कोणी आवडीने खात नाही.

"पोचला काय?"

"रांगेत आहे, आई."

आईंनी ओला हात पदराला पुसला. "त्याच्या फुडं किती हायत?"

"फार नाहीत," मी म्हटलं.