केक फस्त केला, दादा

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीने लिहिलंय. आज तू मला अजिबात प्रिय नाहीस. काल वहिनीचा फोन येऊन गेला, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मशीनवर बसले तर गिऱ्हाइकाच्या पडद्याला वाकडी शिवण घातली. ती उसवताना तुझ्या नावाने बोटं मोडत होते.

तुझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि माझी जुळते असं कळलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली: आधी वजन उतरवा, मगच तुमची किडनी काढू. मला वाटलं, त्यात काय, घाम गाळला की झालं. रोज सकाळी धावायला लागले. गुडघे कुरकुरले, शेजारणी फिदीफिदी हसल्या, काटा मात्र ढिम्म हलेना. हलणार कसा? धावून आले की पोटात आग पडायची आणि समोर तुझ्या बेकरीचा खोका हजर. लोण्याची बिस्किटं, क्रीमचा केक, वर तुझी चिठ्ठी, 'एवढी पळतेस, हक्काने खा.' मी खायची आणि डोळे पुसायची. डायलिसिसवरून उठून हा माणूस माझ्यासाठी भट्टीपुढे उभा राहतो, म्हणून.

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी मला फैलावर घेतलं. अर्धा तास धावून जे जातं ते केकच्या एका तुकड्यात परत येतं, म्हणाल्या. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. व्यायामाने ताकद टिकते, आणि उतरलेलं पुन्हा चढत नाही. दोन्ही हवं, पण आधी ताट. मग मी गोड बंद केलं, भाज्या, अंडी, कडधान्यांवर आले, धावणं सोडून नेमाने चालू लागले. स्वतःचेच कपडे कितीदा उसवून आत घेतले. तुझे खोके गिऱ्हाइकांना वाटून टाकले. तुझं मन मोडू नये म्हणून फोनवर सांगायची, केक फस्त केला. केवढा खूश व्हायचास! मी म्हणायची, काय ही भावाची माया!

माया कसली डोंबलाची! तुझी तब्येत बघवेना म्हणून वहिनी काल रडत रडत सगळं बोलून गेली. मी जाडच राहिले की डॉक्टरच परस्पर नाही म्हणतील, तुला तोंडाने नकार द्यायला नको, असं तू तिला सांगितलंस. माझ्या केकात लोणी दुप्पट घालत होतास! लोक बकरा कापायचा म्हणून पोसतात. तू मला कुणी कापू नये म्हणून पोसत होतास.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, माझ्या अंगावर सुरी चाललेली तुला सोसणार नाही, हे मला कळतं. कळतं म्हणून तर जास्त संताप येतो. मला धडधाकट ठेवून तू जाणार, आणि त्या धडधाकट अंगाचं मी काय करू?

हे पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी, की आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला होकार दिला. आता अडलंय ते फक्त तुझ्यावर. फोनवर तू गोड बोलून मला गुंडाळशील, म्हणून लिहून पाठवतेय. सोमवारी मी तुला दवाखान्यात न्यायला येतेय. नकार द्यायचा असेल तर माझ्यासमोर दे. आणि 'तुला त्रास नको' वगैरे म्हणू नकोस. 'मला मरायचंय' असं सरळ म्हण, कारण अर्थ तोच होतो. म्हणून दाखव.

तुझीच,
ढब्बू